सायटोक्रोम म्हणजे

संध्या मॅडमनी पर्स खांद्याला अडकवली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. साडेचारची अकोल्याची बस चुकली की घरी पोचायला आठ वाजत. पण प्रयोगशाळेच्या दारात मदतनीस माया उभी होती, हातात मोठा पिवळा लिफाफा घेऊन. मागे तिची नऊ वर्षांची करिश्मा भिंतीला टेकलेली. एकच जिना चढून आली होती, तरी तिची धाप अजून थांबली नव्हती.

“मॅडम, दोन मिनिटं,” माया म्हणाली. “नागपूरहून रिपोर्ट आला हिचा.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“सायटोक्रोमची खराबी हाय म्हणे. पुढच्या महिन्यात या म्हणे. मांगं पन्नास माणसं उभी होती.” तिनं कागद पुढे केला. इंग्रजीतल्या एका शब्दाखाली पेनाची रेघ होती. “हा शब्द तुमीच फळ्यावर लिवता ना? मीच पुसतो तो. म्हणून ओळखला.”

संध्या मॅडमनी कागद वाचला. मांडीच्या स्नायूचा तुकडा तपासला होता. सायटोक्रोम सी ऑक्सिडेज, फार कमी. एकोणीस वर्षं त्या हा शब्द शिकवत होत्या. व्याख्या, प्रकार, उपयोग, पाच गुण. तो ज्याच्या अंगात कमी पडतो असं माणूस मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

“सायटोक्रोम म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणारी प्रथिनं,” त्या सवयीनं बोलू लागल्या. “त्यांच्यात लोह असतं, आणि...”

“हे दरसाली ऐकतो मी, नळ्या धुता धुता,” माया म्हणाली. “समजत नाई.”

त्या खुर्चीत बसल्या. सकाळपासून तीन तास आणि दोन प्रात्यक्षिकं झाली होती. पाय ठणकत होते. मग त्यांनी विचारलं.

“स्लॅबच्या कामावर गेला आहात कधी?”

“लग्नाआधी. लय.”

“माणसांची रांग असते. घमेलं हातोहात वर जातं. आपण खातो, श्वास घेतो, त्याची ताकद अशाच रांगेनं तयार होते. अंगात जागोजागी अशा रांगा आहेत. सायटोक्रोम म्हणजे त्या रांगेतली माणसं. हिच्या रांगेत अगदी शेवटची माणसं कमी आहेत.”

माया हळूच म्हणाली, “म्हणजे मांगचे समदे भरलं घमेलं घेऊन नुसतेच उभे.”

“हो.”

“खाली माल असून.”

“हो. पोटभर जेवली तरी तिला त्याची ताकद मिळत नाही.”

माया खिडकीकडे बघत होती. “मंगळवारी मारलं मी तिले,” ती म्हणाली. “नळ आला होता. पाण्याचे चार गुंड भर म्हटलं, तं दोन भरून ओट्यावर बसली. मले वाटलं ढोंग करून राह्यली.”

“तुम्हाला माहीत नव्हतं, मायाताई.”

“सांगत तं होती ना ते. दोन वर्षांपासून सांगून राह्यली, आई, मी थकली म्हणून.” तिनं पदरानं नाक पुसलं. “दवाई काय हाय यावर?”

“मी शब्दाचा अर्थ सांगू शकते. औषधाचं डॉक्टर सांगतील.” इथंच थांबता आलं असतं. पण विचारणारी बाई सहा वर्षांच्या ओळखीची होती. “कमी पडलेली माणसं रांगेत पुन्हा उभी करील असं औषध अजून नाही. जपावं लागेल. दमू द्यायचं नाही.”

मायानं मान हलवली. कागदाची घडी घालून लिफाफ्यात ठेवली, पुन्हा बाहेर काढली, त्या शब्दावर बोट ठेवून एकेक अक्षर मनात लावलं आणि परत आत सरकवली.

करिश्मा एवढा वेळ स्टुलावर बसून ऐकत होती.

“मॅडम, म्हणजे मी आळशी नाई?”

“नाहीस.”

तिनं आईकडे पाहिलं. “मंग मी झोपू आता?”

मायानं टेबलावरचा नळ्यांचा स्टँड उचलून बाजूला ठेवला आणि पदरानं तेवढी जागा कोरडी केली. पोरीनं हातावर डोकं टेकवलं. मिनिटभरात तिचे ओठ उघडे पडले, श्वास संथ झाला.

जिन्यावर गलका झाला. दुसऱ्या सरांच्या पावणेपाचच्या बॅचची मुलं वर येत होती, हातात वह्या, पांढरे कोट. माया दाराबाहेर जाऊन उभी राहिली आणि दाराच्या दोन्ही फळ्या आपल्यामागे ओढून घेतल्या.

“आज लॅब बंद हाय,” ती त्यांना म्हणाली. संध्या मॅडमना तिनं विचारलं नव्हतं.