तिच्या वाटचं बोलणं

रिक्षा देवळाच्या चौकात न वळता सरळ निघाली, तेव्हा प्रमिलाबाईंनी सवयीनं नवऱ्याकडे पाहिलं.

त्यांना माणसांची भीती वाटायची. भाजीवालीला भाव विचारतानाही घसा कोरडा पडायचा, दाराची बेल वाजली की त्या स्वयंपाकघरात जायच्या. लग्नापासून त्यांच्या वाटचं सगळं यशवंतरावच बोलत आले होते. "तू थांब, मी बघतो," म्हणत ते पुढे व्हायचे.

आज त्या त्यांना दवाखान्यातून घरी नेत होत्या. अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली होती. रस्ता चुकल्याचं त्यांनाही कळलं. त्यांचे ओठ हलले, पण घशातून नुसता घोगरा आवाज आला. रिक्षावाल्यानं आरशातून दचकून पाहिलं, तशी यशवंतरावांनी मान खाली घातली.

ती खाली गेलेली मान प्रमिलाबाईंना बघवेना.

"अहो दादा," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता. "मागं वळवा. आमचं घर देवळापासून डावीकडे आहे."

"बरं मावशी," म्हणत त्यानं रिक्षा वळवली. इतकी साधी गोष्ट होती ती.

"बघितलंत, मी बोलले," असं त्या हसून सांगणार होत्या. पण यशवंतराव रस्त्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. प्रमिलाबाईंनी त्यांचा लुळा हात आपल्या मांडीवर घेतला. यांचा आवाज राहिला असता, तर आपण जन्मभर तशाच घाबरट राहिलो असतो तरी चाललं असतं, असं त्यांना वाटलं.