नमुन्याची बाटली

दुधाची गाडी केजकडे गेली आणि सोसायटीच्या डेअरीसमोरची माणसं पांगली. शहादेव नमुन्याच्या बाटल्या धूत बसला. चाळीस बाटल्या आणि अर्धी बादली पाणी. टँकर दोन दिवस आला नव्हता.

दारात शिवकन्या येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, खांद्याशी सत्तावीस दिवसांचं बाळ. नात्यानं ती शहादेवची चुलत सून. माहेरच्या गावात पाणीच नव्हतं म्हणून तिचं बाळंतपण सासरी झालं होतं. सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. सासू कुठं आहे म्हणून त्यानं विचारलं. टँकर येणार असं कुणी तरी सांगितलं होतं, म्हणून सासू घागरी घेऊन रांगेत बसली होती. नवरा चारा छावणीवर जनावरांपाशी होता.

तिनं पदराखालून बाटली काढली. खोकल्याच्या औषधाची, लेबल खरवडलेली. तळाशी दोन बोटं दूध.

"एवढं बघता का, मामा? फॅट किती लागतं ते."

कुणाचं, त्यानं विचारलं. आमच्या गायीचं, ती म्हणाली. गाय महिन्यापासून छावणीत होती आणि तिचं दूध सकाळीच मापून झालं होतं. पण घरातलंच कुणी दुधात पाणी घालतंय का, हे बघायला बायका कधी कधी असा चोरून नमुना आणत. तसंच काही असेल असं त्याला वाटलं.

त्यानं मशीनची नळी बाटलीत सोडली. लाल आकडे पळाले आणि थांबले.

"एक पॉइंट सहा. पाणी हाय ह्यात," तो म्हणाला. मग रोज लोकांना म्हणायचा तेच सवयीनं म्हणाला, "प्यायला पाणी मिळंना, आन दुधात घालायला बरं मिळतंय."

शिवकन्या भिंतीला टेकून खाली बसली.

"गायीचं न्हाई, मामा. माझं हाय."

शहादेवनं नळी बाहेर काढली. उपरण्याच्या टोकानं पुसली. पुसून झाली तरी पुसत राहिला.

ती बाळाकडं बघत सांगत होती. काल अंगणवाडीच्या बाईनं बाळाला झोळीच्या काट्याला लावलं. जन्मलं तेव्हापेक्षा वजन कमी भरलं. उन्हानं झालं असेल असं बाई म्हणाली, सासूही म्हणाली. उन्हानं नाही हे तिला एकटीला माहीत होतं. बीडला कॉलेजात असताना दोन वर्षं ती जेवत नव्हती. खाल्लंच तर बोट घालून काढत होती. केस गेले, पाळी गेली, दवाखाना झाला. मग ते थांबलं. लग्नात कावीळ होऊन गेली एवढंच सांगितलं. पोटात बाळ होतं ते नऊ महिने तिनं घास न् घास पोटात ठेवला. बाळ झालं, आणि बारा दिवसांपासून ते पुन्हा सुरू झालं. सासू समोर बसून डिंकाचा लाडू खाऊ घालते. ती खाते. सासू उठली की ही मोरीत जाते.

"सासूबाई म्हणत्यात, ड्रममधलं पाणी कावून सरतंय. मी चूळ भरते, मोरी धुते. कितीबी हळू उचललं तरी झाकण वाजतंच." ती थांबली. "बाळाला मी पाणी पाजतेय."

"न्हाई," शहादेव म्हणाला. "ह्ये मशीन गाय-म्हशीवर लावलेलं हाय. माणसाचं दूध त्याला कळत न्हाई. आन तू आणलीस ती पहिली धार. पहिल्या धारेला गाय बी पातळच देती. दाट असतंय ते शेवटाला."

हे खरं होतं, रोजच्या कामातलं होतं. पण बाळाचं मनगट त्याच्या समोर होतं. त्याच्या अंगठ्याएवढंही नव्हतं.

साडेदहाच्या जीपनं केजला जाऊ, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना हेच सगळं सांग, असं तो म्हणाला. घरी काय सांगायचं, तिनं विचारलं. घरी मी बोलतो, तो म्हणाला. तिनं मान डोलावली.

त्यानं खुंटीवरचं फडकं काढून तिच्यापुढं सोडलं. दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. बायको गेल्यापासून भाकरी तोच थापायचा. कडा जाड राहायच्या, मध्ये करपायची.

"माझ्या हातची हाय. चांगली न्हाई. पण खा."

चुलत सासऱ्यासमोर सून जेवत नाही. तो उठला आणि तिच्याकडं पाठ करून उंबऱ्यावर बसला. आत ती होती, बाळ होतं, आणि भिंतीशी डेअरीचा पाण्याचा निळा ड्रम. त्यावर पत्र्याचं झाकण.

मागं भाकरी मोडल्याचा आवाज झाला. चावण्याचा झाला. थांबला. पुन्हा झाला. बाळ किरकिरलं, मग चोखू लागलं. थोड्या वेळानं तोही आवाज थांबला आणि आतून काहीच ऐकू येईना.

फाट्यावर जीपचा हॉर्न वाजला. शहादेव उठला नाही. झाकण वाजतंय का, ते ऐकत बसला.