दुसरं मशीन

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आमचं कॉफीचं दुकान आहे. मागच्या कँटीनमध्ये निम्म्याहून कमी पैशांत कॉफी मिळते, पण तिथे चिटपाखरू नसतं आणि आमच्याकडे मात्र वीस-वीस मिनिटांची रांग. कुणी कुरकुरही करत नाही. मालक म्हणायचे, "चवीपुढे पैसा कोण बघतो?" मला ते पटायचं नाही, कारण लिफ्टजवळच्या कचऱ्याच्या डब्यातून जेमतेम घोटभर प्यायलेले कप रोज मीच उपसायचे.

सोमवारी मालकांनी दुसरं मशीन बसवलं आणि रांग संपली.

मंगळवारी नेहमीचे काका आले. त्यांची बायको अकरा दिवसांपासून वर आयसीयूत आहे. सवयीने दारातच थांबून त्यांनी पुढे किती माणसं आहेत ते पाहिलं. कुणीच नव्हतं. दोन मिनिटांत मी कप त्यांच्या हातात दिला.

"एवढ्यात झाली?"

"हो काका. आता ताटकळायला नको."

त्यांनी लिफ्टकडे पाहिलं. "वर मुलगी बसलीये. तिला सांगून आलोय, वीस मिनिटं तरी लागतील म्हणून."

"मग इथेच बसा ना जरा," मी म्हणाले. खुर्च्या सगळ्या रिकाम्याच होत्या.

"नको गं. वर बसूनच असतो."



भरलेला कप काउंटरवर ठेवून ते पार दारापर्यंत मागे गेले, आणि रांगेचं शेपूट जिथे असायचं तिथे एकटेच उभे राहिले.