एस्तेरचा दम

“तुमच्या गावात होळीनंतर कबड्डीचे सामने होतात ना? तिथे पंच कोण असतं?”

एस्तेरच्या वकील योगिता गावित यांनी आवाज जराही न चढवता विचारलं. साक्षीच्या पिंजऱ्यात उभा असलेला इंद्रसिंग म्हणाला, मीच असतो. पंच म्हणून मैदानात उभं राहायची त्याला सवय होती, पिंजऱ्यात उभं राहायची नव्हती.

समोरच्या बाकावर एस्तेर बसली होती. नवापूरकडची, जन्मापासून बहिरी. शेजारी तिची आई पारुबाई. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईत पोरगी दोघींना शिवून मध्यरेषेवर परतली होती आणि इंद्रसिंगने शिट्टी मारून ते दोन गुण नाकारले होते. दम घेताना तोंडातून ‘कबड्डी’ हा शब्द स्पष्ट आला नाही, म्हणून. तेवढ्यावर संपलं असतं. पण कबड्डी संघटनेने पुढे ठरवूनच टाकलं की जिला शब्द येत नाही तिला संघात घ्यायचं नाही. मग पारुबाई दिव्यांगांच्या कायद्याचा आधार घेऊन कोर्टात आली. इथे हरली तर पोरीचं मैदान कायमचं सुटणार होतं.

संघटनेच्या वकिलांचं म्हणणं सरळ होतं. नियम सगळ्यांना सारखा, पंचाने तो पाळला, त्यात ना कुणाचा राग ना कुणाची दया. इंद्रसिंगने तेव्हा मान डोलावली होती. ते खरंच होतं.

आता योगिताबाई विचारत होत्या, डोंगरातली पोरं तुमच्या सामन्यांत ‘कबड्डी’च म्हणतात का? नाही, तो म्हणाला, कुणी हुतूतू म्हणतं, कुणी नुसतंच घुमवतं. मग त्यांना बाद करता?

इंद्रसिंगला हसू आलं. “त्यांना कसं बाद करणार, मॅडम? दम तुटला की नाही, तेवढंच बघायचं.”

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. हसू ओठांवरच राहिलं.

“आणि या मुलीचा?” न्यायाधीशांनी स्वतःच विचारलं. “तुटला होता?”

संघटनेचे वकील त्याच्याकडे रोखून बघत होते. राज्याच्या सामन्यांना पंच म्हणून कोण जाणार, ते संघटनाच ठरवायची. इंद्रसिंगने पिंजऱ्याची कड धरली.

“मी शब्दाकडे कान दिला होता, साहेब. दमाकडे नाही.”

मग आता द्या, न्यायाधीश म्हणाले, आणि त्यांनी पंखा बंद करायला सांगितला. शिपायाने बाकं मागे ओढली. पारुबाईने पोरीला हातवारे करून समजावलं. दारापर्यंत जायचं, शिवायचं, परत यायचं. घराबाहेर पोरीने आवाज काढला की लोक हसतात, हे तिला ठाऊक होतं.

एस्तेरने चपला काढल्या. डोळे मिटून ओठातल्या ओठात प्रार्थना केली, फरशीला हात लावला आणि निघाली.

आवाज फाटका होता, वर-खाली होणारा, ‘अबई-अबई’ असा काहीसा. दाराजवळचा पोलीस फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला, कारण पोरगी त्याच्याच अंगावर येत होती. तिने दार शिवलं, गिरकी घेतली, वाटेत पाय पुढे टाकला, तशी संघटनेच्या वकिलांनी खुर्चीखाली आपले पाय झटकन ओढून घेतले. अबई-अबई चालूच होतं. ती पिंजऱ्यासमोर येऊन थांबली, तेव्हाच तिने श्वास घेतला.

इंद्रसिंगने डोळे मिटून ऐकलं होतं. त्याने ते उघडले.

“दम तुटना नही, साहेब,” तो म्हणाला. घरची बोली कधी तोंडात आली, त्याला कळलंही नाही. आणि त्याचा हात वर गेला, मैदानात गुण देताना जातो तसा, पोरीच्या बाजूने.

सकाळपासून कोर्टात कोण काय बोललं, ते एस्तेरला कळलं नव्हतं. पारुबाईलाही फारसं कळलं नव्हतं. ती न्यायाधीशांच्या तोंडाकडे बघत बसली होती. एस्तेरने पळत जाऊन तिचा खांदा हलवला आणि तिच्या डोळ्यांपुढे दोन बोटं धरली.