पैकीच्या पैकी

आर्थिक नियोजन शिकवणाऱ्या सरांचं बाहेर सल्लागाराचं ऑफिसही होतं. दरवर्षी ते एका खऱ्या क्लायंटची माहिती, नाव झाकून, शेवटच्या वर्षाच्या मुलांना द्यायचे आणि सगळ्यात चांगला आराखडा त्या क्लायंटला पाठवायचे. यंदाच्या क्लायंट बाईंना नवऱ्याला सोडून वेगळं राहायचं होतं. मुलगी अजून शिकत होती.

त्या कुठल्याशा मुलीची कीव येऊन एका विद्यार्थिनीने जीव ओतून आराखडा केला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, ‘मुलीची परीक्षा संपेपर्यंत तिला सुगावा लागू देऊ नका. घरात नेहमीसारखं हसतखेळत राहा.’

"पोरी, तुला माणसं कळतात गं!" म्हणत सरांनी पैकीच्या पैकी दिले.

शेवटचा पेपर देऊन ती उड्या मारत घरी आली, तर बाबा डोकं धरून बसलेले आणि दाराशी आईच्या दोन बॅगा.

"महिनाभर माझ्याशी हसत होतीस, आई! फसवलंस मला!"

"तुलाच आधी सांगणार होते गं. पण सल्लाच तसा मिळाला," म्हणत आईने पर्समधला कागद तिच्या हातात दिला.



खालच्या दोन ओळी ठळक अक्षरांत होत्या.