चुरगळलेलं पान

"खालून बघायचं नाही हं." बायकोने आचाऱ्याच्या डोळ्यांवरच्या रुमालाची गाठ पुन्हा आवळली आणि हातातलं पान चुरगळून त्याच्या नाकाखाली धरलं.

परसाच्या दारात स्टुलावर तो ताठ बसला होता. त्याने लांब श्वास घेतला, मान डोलावली.

"वा! लिंबोणी. कालच्यापेक्षा तेज आहे."

पान पेरूचं होतं.

तापात त्याची वासाची जाण गेली होती, आणि तिच्याबरोबर चवही. डॉक्टर म्हणाले होते, ओळखीचा एखादा उग्र वास रोज घेत जा, नाकाला पुन्हा सवय होईल. लिंबोणी दारालगतच होती, म्हणून तिचं पान. उद्यापासून त्याला वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात परत उभं राहायचं होतं, आणि ते स्वयंपाकघर त्याच्या नाकावर चालायचं. फोडणी करपणार हे फोडणी करणाऱ्याच्या आधी त्याला कळे. कोपऱ्यातल्या पातेल्यातलं दूध नासायला लागलं की हा दारातूनच ओरडायचा. असं नाक पुन्हा व्हायचं नाही, असं तिथले सगळेच म्हणत. ते नाक नसेल, तर शेकडो पोरांच्या पानात काय पडतंय ते देवच जाणे.

"कशाचं म्हणालात?"

"लिंबोणीचं. अगं, सगळं ठीक आहे आता. उद्या डबा देऊ नकोस, तिथेच जेवेन."

"पेरूचं आहे. कालही पेरूचंच होतं."

स्टूल करकरलं. डोळ्यांवरचा रुमाल काढायलाही त्याचा हात उचलेना.

"पहिल्यांदा उगाच हो म्हणालो," तो शेवटी म्हणाला, "तर तू केवढी खूश झालीस. मग नाही म्हणवेना."

"आणि उद्या कुणाच्या पोटात नासकं गेलं असतं म्हणजे?"

त्याने मान खाली घातली. तिला राग आला होता आणि रडूही येत होतं. हा असा चेहरा करून बसलेल्या माणसावर राग काढायचा तरी कसा? ती बाहेर जाऊन लिंबोणीपुढे उभी राहिली.

खरं तर या झाडाने आजवर घराला कशालाच नाही म्हटलं नव्हतं. घसा बसला की मधात लिंबू, गाडीत मळमळलं की हुंगायला साल, केसांत कोंडा झाला की रस. पोट बिघडलं की मिठात मुरून काळी पडलेली फोड जिभेवर ठेवायची. फिक्या डाळीवर चार थेंब पिळले की तिच्यात जीव येई, आणि मासळी साफ केलेल्या हातांचा वास त्याच फोडीने जाई. निम्मं औषध नि निम्मा स्वयंपाक या काटेरी झुडपाने सांभाळला होता, तेही तांदूळ धुतलेल्या पाण्यावर.

"सगळ्यांचं केलंस," ती झाडाला म्हणाली. "यांच्या नाकानेच तुझं काय घोडं मारलंय?"

हाताला लागलं ते लिंबू तिने ओढून तोडलं. काटा मनगटाला ओरखडा काढून गेला. तिने चिडून सालीत नख खुपसलं.

"कच्चं कशाला तोडलंस गं?"

तिने वळून पाहिलं. आचारी स्टुलावरच होता, रुमाल तसाच डोळ्यांवर. मग तिने हातातलं लिंबू पाहिलं. हिरवंगार होतं.

"राहू दिलं असतंस तर रस तरी धरला असता," तो कुरकुरत होता. "नुसती साल आहे ती. झोंबतेय नाकाला. तुला मेलं दम म्हणून धरवत..."

बोलता बोलता तो थांबला.

त्याने पुन्हा रागवावं म्हणून तिने हळूच दुसरं लिंबू तोडलं. तेही हिरवंच.