राखण

मैना घोडी आश्रुबा आणि बजरंग यांच्या भागीदारीतली. वडवणीजवळच्या शर्यतीच्या तबेल्यात ठेवून महिना झाला, तरी ती नीट खाईना, पळेना. "घरी आण तिला, तिथं झुरून मरंल," असं बजरंगने बजावलं, तेव्हा आश्रुबा टेंपो घेऊन गेला.

भरदुपारी तो तबेल्यात शिरला. मैना मान टाकून, चारी पाय पसरून आडवी पडली होती. शेजारी दोन घोडे उभे होते.

"वाहेदभाई, गेली हो माझी मैना!"

"वरडू नका आबा, झोपलीय ती." घोड्यांना तयार करणारा वाहेद हसला. "कालपासून खायलाबी लागलीय."

"चार वर्षं माझ्या दारात होती. अशी आडवी कधीच झाली न्हाई."

"दारात दुसरं घोडं होतं का? एकटं घोडं उभ्यानंच डुलकी काढतं, आबा. राखणीला सोबत असली, तरच असं निवांत पडतं."

आश्रुबा तिथंच कडब्याच्या पेंढीवर टेकला. तेवढ्यात बजरंगचा फोन आला.

"चढली का टेंपोत?"

"हळू बोल बे," आश्रुबा कुजबुजला. "टेंपो मोकळाच धाडतोय. चार वर्षांची झोप राहिलीय तिची."